सायकली आणि बस

औरंगपुऱ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात भागूबाई औषधाचे थेंब घालून, डोळे मिटून बाकावर बसली होती. शेजारी कुठल्याशा संस्थेची दोन माणसं अहवालावरून बोलत होती. बाईचा आवाज कोवळा होता, साहेबांचा थकलेला.

"सायकली वाटल्या, पोरी शाळेत टिकल्या. एवढंच लिही, विशाखा."

"सर, पोरी सायकलीवर जायला लागल्या म्हणून गावची बस रिकामी धावायला लागली, अन् मग बंद झाली. तेही आपल्यामुळंच झालं ना?"

"बस हा आपला विषय नाही."

"कॉलेज शहरात आहे, तिथवर सायकल पुरत नाही. दहावी झालेल्या पोरी घरी बसल्यात."

"दहावीनंतरच्या पोरी आपल्या प्रकल्पात येत नाहीत."

"मग कुणाच्या प्रकल्पात येतात?"



तेवढ्यात नर्सनं हाक मारली. नातीच्या खांद्यावर हात ठेवून भागूबाई उठली.

"आजी, नातीला कॉलेज बुडवून आणलं का?" नर्सनं विचारलं.

"नाय बाई. औंदा दहावी झाली तिची. आता घरीच आसती."

"मग दिवसभर करते काय?"

"सायकल पुसती."