आत्या फर्मवेअर झाली तेव्हा

अरे, बाहेर शिकून परत आलो तेव्हा मला वाटायचं, कर्नल ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभ्यात राहून चिपशी बोलणारा प्रोग्रॅम, आपल्या जबलपूरच्या घराघरात समजला पाहिजे. सुरुवात आत्यापासून केली. त्याच दिवशी मी लिहिलेला ड्रायव्हर तपासणाऱ्या सरांचा फोन येणार होता. त्यांना तो पटला तरच नोकरी होती.

"आत्या, मी ड्रायव्हर. तू चिपमधलं सुरक्षित फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आतच बसलेला पहारेकरी प्रोग्रॅम. हा मोबाइल म्हणजे मेमरी. ती मी तुला वापरायला दिली. आता तू परत करेपर्यंत मी हात लावायचा नाही. लावला तर अख्खं मशीन बंद!"

"अच्छा," म्हणत आत्यानं मोबाइल मांडीखाली दाबला. तेवढ्यात तो वाजला.

"आत्या, दे!"

"काहून? आता माझा आहे. नीट माग."

"कृपया परत कर."

"नाही करत. सकाळपासून नुसता बोलून राहिला, आधी जेव." आणि तिनंच फोन उचलला. "भैया, वो खाना खा रहा है. बाद में करना."

ताट रिकामं झाल्यावरच मोबाइल मिळाला. लगेच सरांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "फर्मवेअरनं मेमरी परत द्यायला नकार दिला, तर तुमचा ड्रायव्हर काय करतो?"

असं होऊ शकतं, हे मला त्या दुपारपर्यंत सुचलंच नव्हतं.

"सर, तिला हात लावत नाही. ती मेमरी गेली असं समजतो आणि गुपचूप जेवून घेतो."

सर म्हणाले,

"जेवणाचं सोडून बाकीचं कोडमध्ये लिहा, आणि सोमवारी कामावर या."