नातीसाठी शिकलेले शब्द

रोज सकाळी टीव्हीवर बातम्यांतून इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांनो, तुम्ही एका म्हाताऱ्याला उल्लू बनवलंत. दातांच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत काजं करत बसलेल्या शिंपिणीनं शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नवराबायकोचं बोलणं ऐकलं, आणि तिची सुई तिथंच थांबली.

“अहो, आजचा शब्द काय?”

“सीजफायर. म्हणजे युद्धबंदी.”

“कालचा?”

“इन्फ्लेशन. महागाई. सगळे तोंडपाठ आहेत मला.”

“मग काल नात फोनवर आली तेव्हा दातखीळ का बसली?”

“तिनं पडलेला दात दाखवला गं. दुधाच्या दाताची बातमी कधी आलीच नाही.”

“म्हणून लेकराला इंग्रजीतून विचारलंत, जीवितहानी किती झाली?”

“थट्टा केली. हसेल वाटलं.”

“केवढ्यानं ओरडलात! रडत आईकडे पळाली पोर.”

“तू तरी सावरायचंस.”

“कशानं सावरू? माझं मराठी तिला ओ की ठो कळत नाही. आपला लेक तिच्याशी घरात मराठीचा एक शब्द बोलत नाही.”

“लहानपणी तो घरात मराठी बोलला की त्याला दटावत कोण होतं?”

“आपणच.”

“हं. आपणच.”

“आज संध्याकाळी पुन्हा फोन आहे. एकदा शेवटचं बघू म्हणालाय लेक. पोर फोनवर यायलाच तयार नाही.”

“काय बोलू मी तिच्याशी?”

“मला काय विचारता? त्या मास्तरांना विचारा. ‘रुसू नको बाळा, आजोबा चुकला,’ हे कुठल्या बातमीत येतं? संध्याकाळच्या आत सांगा म्हणावं!”