तिसरी खोली

बँकेत घरकर्जाच्या रांगेत माझ्यापुढे एक शिंपीणबाई, तिचा नवरा आणि सासूबाई उभ्या होत्या.

“अहो, बाजारात दोनच खोल्या. तेवढ्याच पैशात जंगलाच्या कडेला तीन मिळतायत.”

“आणि वर माकडं फुकट! शिवाय मला कामावर जायला दोन बस बदलाव्या लागतील.”

“पण खिडकीबाहेर नुसती झाडं. आणि आईंना स्वतःची खोली.”

“मला कशाला गं खोली? मी आपली स्वयंपाकघरात झोपते की.”

“अकरा वर्षं तेच म्हणताय, आई.”

नवरा आईकडे वळला.

“आई, खरं सांग. हवीय ना तुला खोली?”

“दार आहे का रे तिला?”

“आहे की. आतून कडीसुद्धा.”

“मग आत येताना वाजवून येत जा हं.”