शिडाला पोट हवं

मी येवल्याची, हे आधी लिहा ताई, बाकीचं मग. घर विणकराचं, वडील मागावर बसायचे, आई कांड्या भरायची, आणि मागाची खटखट थांबली की मला वाटायचं घरात कुणी आजारी पडलं. पण मला पैठणीपेक्षा पतंगाचं वेड. येवल्याची संक्रांत बघितली नाय ना तुम्ही, मग काय बघितलं? पोरींनी नुसती आसारी धरायची, म्हणजे मांजा गुंडाळायची ती फिरकी हो, पण मी पतंग उडवायची आणि काटायची सुद्धा, आणि आई खालून ओरडायची, अगं भवाने, तुला सासरी कोण नेणार. नेलं की. नाशकातल्या सातपूरच्या माणसाने नेलं.

आमचे मालक कारखान्यात लेथवर, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी, मी घरात एकटी बसून भिंती किती बघणार? म्हणून जाड कापडाचं मशीन घेतलं, ट्रकच्या ताडपत्र्या शिवायची, कामगारांचे एप्रन शिवायची. तर एक दिवस मालकांच्याच कारखान्यातले इंजिनिअर, नाडकर्णी साहेब, स्कूटरवर कापडाचा गठ्ठा घेऊन दारात. म्हणाले, वहिनी, शीड शिवाल का? मी म्हणलं, साहेब, नाशकात समुद्र कुठून आणला? हसले. म्हणाले, गंगापूर धरण आहे की. त्यांनी मुंबईहून एक जुनी सागवानी होडी ट्रकवर घालून आणली होती, वल्ह्यांची नाय, शिडाची, मैना नावाची. तिचं शीड फाटलेलं, आणि तसलं शिवणारं नाशकात कोण मिळणार? मिळाली ही येवलेवाली.

आता गंमत ऐका. मला वाटलं वाऱ्याचं आपल्याला काय शिकवता, जन्म गेला पतंगात. पतंगाचा कागद कसा असतो, ताठ, एक सुरकुती चालत नाय. आणि विणकराची पोरगी मी, मला कापड सरळच दिसतं. तसं शिवलं मी शीड, पट्टीला पट्टी सरळ, ताणून, तबल्यासारखं. धरणावर नेऊन चढवलं तर मैना जागची हलेना. साहेब भला माणूस, ओरडले नाय, हळूच म्हणाले, वहिनी, शिवण सुंदर आहे हो, पण ह्याला पोट नाही. शिडाला पोट हवं. वारा त्यात बसतो. मग कळलं, पट्ट्यांच्या कडा सरळ कापायच्याच नाय, किंचित बाक द्यायचा, मग जोडल्यावर कापड आपोआप फुगतं. पुन्हा सगळं उसवलं, रडत उसवलं, आणि दुसऱ्यांदा चढवलं तेव्हा मैना अशी निघाली की साहेबांची लेक अनघा, फ्रॉकमधली एवढीशी, काठावर टाळ्या पिटत पळत होती तिच्यासोबत. तेव्हापासून ती होडी माझी पण झाली, कागदावर कुणाची का असेना.

मग वर्षं गेली. मध्ये साहेबांनी नायलॉनचं तयार शीड आणलं, सोयीचं म्हणून, आणि माझं सुती शीड घडी घालून पत्र्याच्या पेटीत. मी कितीतरी दिवस बोलले नाय त्यांच्याशी. ते आपले येऊन चहा मागायचे, मी आपली द्यायची, पण बिनसाखरेचा.

मग साहेबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेल्यातच जमा, आणि मैना काठावर शेडमध्ये, ताडपत्रीखाली. ताडपत्रीही माझीच. अनघा पुण्याला नोकरीत, ती तरी कुठं कुठं पुरणार? तेवढ्यात धरणाजवळच्या एका रिसॉर्टवाल्याने मागणी घातली. लॉनवर ठेवू म्हणे, रंग देऊ, लोक आत बसून फोटो काढतील. अनघा माझ्याकडे आली, म्हणाली, मावशी, सडण्यापेक्षा ते बरं ना? मी म्हणलं, बाई, तुझी हाय, तू बघ. पण मनातून नको होतं हो, खोटं कशाला सांगू.

पोरगी शहाणी. जुन्या होड्यांचे एक जाणकार मुंबईहून बोलावले तिने. म्हणाली, ही नुसती जुनी असेल तर देते, क्लासिक असेल तर ठेवते. मी विचारलं, दोन्हीत फरक काय? ते गृहस्थ शेडमध्ये गुडघ्यावर बसून फळीन्‌फळी चाचपत होते, तसेच म्हणाले, जुनी तर काय, पडून राहिली की कुठलीही होते. क्लासिकच्या अर्ध्या फळ्या बदलल्या तरी चालतं, पण लाकडाला लाकूडच लावलेलं हवं, वर फायबर थापलेलं नको, आणि बांधणाऱ्याने जो बाक दिला तो तसाच राहायला हवा. तेवढं हिच्यात दिसतंय. पण शीड तिच्या काळी असायचं तसं, सुती पाहिजे, आणि त्या शिडावर ती चालली पाहिजे. न चालणारी होडी म्हणजे फर्निचर. पुढच्या रविवारी येतो, चालवून दाखवा.

पेटी उघडली. शीड घडीघडीवर तुटलेलं, म्हणजे नवंच शिवणं आलं. पैठणी सुद्धा अशीच जाते, नेसली नाय की घडीवर तुटते, हे मला येवलेवालीला कळायला नको होतं का? माझ्या डोळ्यात मोतीबिंदू. मालक म्हणाले, अगं आता नको, डोळे घालवशील. मी म्हणलं, डोळे काय लोणचं घालायला ठेवू? मग काय केलं माहितेय, लेथवरच्या माणसाने लोखंडाची पातळ पट्टी वाकवून मला प्रत्येक कडेचा बाक खडूने आखून दिला, आणि हाताच्या टाक्यांना सुया ओवून देत बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

तिकडे काठच्या गावचे धोंडूभाऊ, मासे मारणारे, त्यांनी मैना उथळ पाण्यात ढकलली आणि ती पाण्याने पार काठोकाठ भरली. अनघा रडायलाच लागली, बुडाली म्हणून. रिसॉर्टवाला बघायला आलेला, तो तर गाडीत बसून निघूनच गेला. धोंडूभाऊ बिडी पेटवून म्हणाले, रडू नको ताई, लाकूड तहानलंय, पिऊ दे. आणि खरंच, फळ्या फुगल्या, फटी मिटल्या, मग पाणी उपसलं तर मैना तरंगली, थेंब नाय आत.

रविवारी साहेबांना चाकाच्या खुर्चीत काठावर आणलं. अनघा सुकाणूवर बसली. शीड वर गेलं आणि नुसतं लोंबत राहिलं, वाळत घातलेल्या धोतरासारखं. म्हणलं, येवलेवाले, पुन्हा तेच केलंस. आणि मग त्र्यंबकाकडून वारा आला. शीड भरलं हो, गोल भरलं, मैना एका कुशीवर कलली आणि निघाली. ते मुंबईचे गृहस्थ चष्मा काढून म्हणाले, क्लासिक. पण माझं लक्ष नव्हतं तिकडे. साहेबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलेलं, ओठ हलत होते, मी कान नेला. वहिनी, म्हणाले, पोट आहे.

रिसॉर्टवाल्याला अनघाने नाय म्हणून कळवलं. आता महिन्यातून एखादा रविवार ती पुण्याहून येते, साहेबांना काठावर बसवते आणि मैना काढते. शिडाची घडी घालायची नाय, गुंडाळूनच ठेवायचं, असा दम देऊन ठेवलाय तिला. ती बाकाची पट्टी पण तिलाच दिली, माझ्यानंतर कुणी शिवणारं भेटलं तर लागेल. मला आता लांबचं नीट दिसत नाय. पांढरं काहीतरी सरकताना दिसतं, तेवढं बास. मी काठावरून म्हणते, जा बाई मैने, म्हातारी व्हायचंच हाय तर पाण्यात हो, काठावर नको.