तिसरी बाटली

वावाउ बेटावरच्या दवाखान्यात नणंद-भावजय पोराला घेऊन रांगेत माझ्यापुढे बसल्या होत्या. आमच्या टोंगात भावाच्या मुलांवर आत्याचा शब्द शेवटचा, आणि भावाच्या घरातलं हवं ते न्यायचा मानही तिचाच.

"लोसे, बाटली दे त्याला."

"नाही, वन्सं. दोन झाल्या. दीड वर्षाच्या पोराला दिवसाला तेवढं दूध पुरे, नर्सनं सांगितलंय."

"मग हाडं कशी भरणार?"

"डब्यातले मासे काट्यांसकट कुस्करून देते. दिवसभर दूधच ढोसतो, म्हणून जेवत नाही. रक्त कमी झालंय त्याचं."

"ऑकलंडहून दुधाची पावडर काय डुकरांना आणली? मी आत्या आहे!"

"माझ्या लग्नातली सगळ्यात चांगली चटई तुम्ही नेलीत, मी तोंड उघडलं नाही. उद्या घरातलं काहीही न्या. बाटली देणार नाही."

"पोर रडतंय, दिसत नाही?"

"दिसतंय. भूक लागलीय त्याला, वन्सं. किती दिवसांनी लागलीय!"