माझ्या माणसाला जेवू घालणारी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे वरिष्ठ डॉक्टर, मेट्रनबाई, आजच्या सत्कारमूर्ती सिस्टर आणि चहाची वाट पाहत मला सहन करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सिस्टरांबद्दल चार गोड शब्द बोला, असं मला सांगण्यात आलंय. या इस्पितळाचं स्वयंपाकघर मी चालवते, तेव्हा गोड करणं मला जमायला हरकत नाही. पण खरं सांगू? मला या बाईंचा हेवा वाटतो. अध्यक्ष महोदय, असे दचकू नका, त्यांना ठाऊक आहे.

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याचं आतड्याचं ऑपरेशन झालं. आतडं इतकं थोडं उरलं की खाल्लेलं अंगी लागेना. मग छातीजवळच्या शिरेत नळी घातली आणि दुधासारख्या पांढऱ्या पिशवीतून सगळं जेवण थेट रक्तात जाऊ लागलं. ज्याला मी जन्मभर रांधून वाढलं, त्याला माझ्या डोळ्यांदेखत दुसरी बाई जेवू घालत होती. आणि तेही किती थाटात. आधी हात चोळून चोळून धुणार, पिशवीवरचं नाव त्याच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहणार, नळीचं तोंड स्पिरिटनं घासणार. त्या नळीतून दुसरं औषध द्यायचं नाही, रक्त काढायचं नाही. आणि हा गृहस्थ कौतुकानं बघत बसायचा. माझ्या हातचं जेवताना त्यानं कधी पेपरातून मान तरी वर काढली होती का?

एके दिवशी पिशवीत वरच्या बाजूला पिवळसर तेल तरंगताना दिसलं. आता मला सांगा, पातेल्यात तवंग आला तर आपण काय करतो? पळीनं ढवळतो. मी पिशवी हलवायला उठले, तर सिस्टरांनी माझं मनगट धरलं.

"ताई, हे ढवळून एकजीव होत नाही. पिशवी परत जाणार."

"आणि तोवर माझ्या माणसाला उपाशी ठेवणार?"

"साखरेचं सलाईन लावायला डॉक्टरांना विचारते. एक वेळ कमी जेवले तर चालेल. हे तेल रक्तातून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतेल."

नवरा म्हणाला, "त्या सांगतायत तसं होऊ दे." माझी बाजू घ्यायची सोडून. मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही.

आता तो घरी आहे, पण पिशवी अजून लागतेच. इतके महिने सिस्टर ड्युटी संपवून आमच्याकडे येत होत्या, मला शिकवत होत्या. आज त्या निवृत्त होतायत आणि उद्या लेकीकडे राहायला जातायत, लांब. त्यांनी पिशवी लावली की नवरा निवांत डोळे मिटायचा. मी लावली की टक्क जागा, नजर माझ्या बोटांवर. बायको आहे हो मी, चोर नाही.

काल सगळं मीच केलं. सिस्टर हात मागे बांधून दाराशी उभ्या होत्या. नळी जोडून वर पाहते तर नवरा चक्क घोरत होता. मी मोठ्या ऐटीत सिस्टरांकडे वळले. त्या हसत होत्या, पण डोळे भरले होते, आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी चटकन ओळखलं. वर्षभर आरशात तेच पाहत आलेय.

सिस्टर, तुमचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत, तेव्हा मानले असं समजा. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. चहाला मात्र मला थांबता येणार नाही. नवरा जेवायचा खोळंबलाय, आणि त्याला मीच हवी आहे.