सॉफ्टमध्ये, सिंगल

—अहो, बूट असू द्या साडूभाऊ, पायथ्याशी प्लास्टिक घातलंय ते त्यासाठीच. आडवे व्हा. बसून कधी गादी कळते का? हां, डोकं उशीवर. आता दहा मिनिटं गप्प पडायचं. म्हणजे खरं तर गप्प मी बसायचं असतं—वरून नियमच आलाय, ग्राहक आडवा असताना सेल्समनने बोलू नये, त्याला अनुभव घेऊ द्यावा. अनुभव! पण तुम्ही कसले ग्राहक, तुम्ही घरचे. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा पाय लागले तुमचे दुकानाला, आणि आल्या आल्या काय म्हणालात? सॉफ्टमध्ये दाखवा. तुम्हीसुद्धा!

नाही, तुमचा दोष नाही. हल्ली येतो तो सॉफ्टच मागतो. या एका शब्दाने डोकं उठवलंय माझं. सकाळी मॅनेजर म्हणतो, सॉफ्ट कॉपी पाठवा—कॉपी मऊ कशी असते हो? दुपारी सॉफ्ट ड्रिंक पाजतो, घशात नुसत्या टाचण्या टोचतात, आणि त्याचं नाव सॉफ्ट. समोर दुकान निघालंय ना नवीन, त्याचं म्हणे अजून उद्घाटन नाही, सॉफ्ट लाँच झालंय. म्हणजे चाललं तर उद्घाटन, नाही चाललं तर आम्ही उघडलंच कुठे होतं! आणि मला धाडलं सॉफ्ट स्किल्सच्या शिबिराला. का? तर एका बाईंना मी म्हणालो, बाई, गादी कशाला बदलता, जेवण कमी करा. खोटं होतं का ते? तिथे एक मुलगी आम्हा टकल्यांना शिकवत होती—समोरचा बोलत असताना मान डोलवा आणि म्हणा, 'मी समजू शकतो.' मी घरी येऊन प्रयोग केला. ही म्हणाली, पाठ धरलीय हो. मी मान डोलावली, म्हणालो, मी समजू शकतो. तर उशी उचलून सोफ्यावर झोपायला गेली! आता सांगा, यात माझं काय चुकलं?

पडून राहा, कूस बदलून बघा. आमच्या घरात ही असली थेरं नाहीत. जन्मभर गाद्या विकल्या, पण घरी फळीसारखी टणकच. आमचे वडील सतरंजीवर झोपले, शेवटपर्यंत ताठ—शेवटी शेवटी त्यांना वाकताच येईना, तो भाग वेगळा. तुमची मेहुणी लग्नापासून मागे लागलेली, अहो, कामगारांना वर्षाकाठी एक गादी सवलतीत मिळते ना, आणा की एखादी. मी म्हटलं, मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये. तुझ्या पाठीला सवय लागेल. सवय लागली नाही, ते सोडा.

कशी आहे ती? चार दिवस ताईकडे जाऊन येते म्हणाली होती. येईल म्हणा, न येऊन सांगते कुणाला. माझं काही अडत नाही हं. भात जमतो, कपडे मशीन धुतं. संध्याकाळी दार उघडलं की घर जरा—पंख्याचा आवाज फार येतो आमच्या, इतकंच. निरोप काही? नाही? मला वाटलं, निरोपासाठीच आलात. ताईंचा फोन आला होता, म्हणाल्या, भाऊजी, तिच्याशी जरा सॉफ्टली बोला. मी म्हटलं, ताई, मी तिच्याशी बोलतच नाही, याहून सॉफ्ट काय असतं?

हसला नाहीत. बरं, धंद्याचं बोलू. डबलच ना? सिंगल? अहो, या वयात भांडलात की काय ताईंशी! आतल्या खोलीत? पाहुण्यांसाठी? मग एवढी भारी कशाला साडूभाऊ? पाहुणा दोन रात्रींचा, त्याला स्वस्तातली टाका. मऊ गादी दिली की पाहुणा हलत नाही, हा धंद्यातला अनुभव सांगतो. नको, चांगलीच हवी? तुमची मर्जी. झोपणारं माणूस पाठीवर झोपतं की कुशीवर? विचारावं लागतं, प्रत्येकाला विचारतो मी, त्यावरच गादी ठरते. डाव्या कुशीवर. बरं. दुखणं काही? उजवा खांदा. आणि कंबर. पहाटे पोटऱ्या आखडतात—अहो, पाहुण्याच्या पोटऱ्या कधी आखडतात, हे तुम्हाला कसं ठाऊक?

अच्छा.

नका उठू. पडून राहा म्हणतो ना. बोलायला नको तुम्हाला काही, मी समजू शक— राहू दे. उजवा खांदा? कधीपासून? आमच्याकडे डावीकडे भिंत आहे. मला वाटायचं, रुसून तिकडे तोंड करून झोपते. मीही मग पाठ करायचो. म्हणजे ती रुसलेलीच नव्हती? का होती? तिने सांगितलं तुम्हाला हे खांद्याचं, की ताईंनी विचारलं म्हणून सांगितलं? विचारलं म्हणून. हं.

ही नका घेऊ. ही दिसायला गुबगुबीत, सहा महिन्यांत खड्डा पडतो हिच्यात. ती भिंतीकडची घ्या. वरून मऊ आहे, आत आधार आहे, खांद्याला बरी. घरी नेली की दिवसभर उघडी टाका, वास जातो. दहा वर्षांची गॅरंटी आहे. दहा वर्षं. पाहुण्याला.

आणि बिल करताना सांगा, कामगाराची सवलत माझ्या नावावर लावा म्हणावं. घ्या हो, मी कधी घेतलीच नाही. तिला सांगू नका. किंवा सांगा—नको. नकोच, माझ्या नावाची म्हटल्यावर झोपायची नाही तिच्यावर, खांदा दुखत असताना कशाला.

उठा आता. प्लास्टिक मी पुसतो. उठा साडूभाऊ, ते पलीकडचे गृहस्थ केव्हाचे खोळंबलेत, त्यांना आडवं व्हायचंय. ते आडवे झाले की मला बोलता येणार नाही. नियम आहे.